हिमाचा अंदाज आणि पावलांची साधना



डिसेंबर उजाडला की पुण्या-मुंबईच्या, नाशिक-नागपूरच्या अनेक घरांमध्ये हिवाळी सहलीचे बेत सुरू होतात. गुलमर्ग, मनाली, औली ही नावे आता मध्यमवर्गीय कुटुंबांना महाबळेश्वर-माथेरानइतकीच परिचयाची झाली आहेत. बेत ठरवताना दोन प्रश्न हमखास विचारले जातात. ‘आपण जाऊ तेव्हा तिथे बर्फ पडलेला असेल ना?’ हा पहिला, आणि ‘मुलांना स्कीइंग किती दिवसांत येईल?’ हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर हवामानशास्त्राकडे मागावे लागते, दुसऱ्याचे स्वतःच्या शरीराकडे.

हे दोन्ही प्रश्न वरकरणी सहलीचे वाटतात, परंतु त्यांच्यामागे फार मोठे वास्तव उभे आहे. ८ फेब्रुवारी २०१० रोजी गुलमर्गजवळच्या खिलनमर्गच्या उतारावर हिमकडा कोसळला आणि लष्कराच्या अतिउंचीवरील युद्धशाळेचे प्रशिक्षण घेणारे १७ जवान मृत्युमुखी पडले. १ फेब्रुवारी २०२३ रोजी त्याच परिसरातील अफरवटच्या उतारावर पोलंडचे दोन स्कीपटू हिमाखाली गाडले गेले. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी तिथेच एका रशियन स्कीपटूचा बळी गेला. हिम केव्हा पडेल, किती पडेल, पडलेले हिम उतारावर टिकेल की नाही आणि त्यावर उभा असलेला माणूस कितपत तयार आहे, या चार गोष्टींवर तिथे प्राण अवलंबून असतात. म्हणून हा विषय केवळ मनोरंजनाचा नाही. निसर्गाचे ज्ञान आणि मनुष्याचा अभ्यास यांच्या मर्यादा ओळखण्याचा तो विषय आहे.

खेळ होण्यापूर्वीची स्की

स्की ही मुळात खेळाची वस्तू नव्हे. ‘स्की’ या शब्दाचे मूळ प्राचीन नॉर्स भाषेत आहे आणि त्याचा अर्थ चिरलेले लाकूड असा होतो. स्कँडिनेव्हियाच्या दलदलीत सापडलेल्या सर्वांत जुन्या लाकडी स्की सुमारे ५,००० वर्षांपूर्वीच्या आहेत. वर्षातील पाच-सहा महिने हिमाखाली असणाऱ्या प्रदेशात शिकारीला जाणे, शेजारच्या गावी निरोप पोहोचवणे, आजाऱ्यासाठी औषध आणणे ही सारी कामे माणसाने स्कीवर केली. नॉर्वेच्या इतिहासात १२०६ सालची एक हकीकत प्रसिद्ध आहे. गृहयुद्धाच्या धामधुमीत दोन निष्ठावंत वीरांनी दोन वर्षांच्या राजपुत्राला उराशी घेऊन, हिमवादळातून स्कीवर डोंगर ओलांडले. तोच बालक पुढे राजा होकोन म्हणून नॉर्वेच्या सिंहासनावर बसला. त्या प्रवासाच्या स्मरणार्थ नॉर्वेत आजही लांब पल्ल्याची स्की शर्यत भरते.

विसाव्या शतकातील उदाहरण फिनलंडचे आहे. ३० नोव्हेंबर १९३९ रोजी सोविएत रशियाने या चिमुकल्या देशावर आक्रमण केले. रणगाडे, विमाने, सैनिक या सर्वच बाबतीत रशियाचे पारडे जड होते. परंतु फिनलंडचा सैनिक बालपणापासून स्कीवर वाढलेला होता. पांढरे अंगरखे घातलेल्या त्याच्या तुकड्या जंगलातून निःशब्द येत, रस्त्यावर अडकलेल्या शत्रूच्या लांबलचक फौजेचे तुकडे पाडत आणि पुन्हा हिमात नाहीशा होत. जानेवारी १९४० मध्ये राटे रस्त्यावर रशियाच्या ४४ व्या डिव्हिजनची याच पद्धतीने वाताहत झाली. मार्च १९४० च्या तहात फिनलंडला आपला काही प्रदेश गमवावा लागला. स्वातंत्र्य मात्र त्याने राखले. ते कौशल्य युद्ध सुरू झाल्यावर शिबिर भरवून आलेले नव्हते. शाळेत जाता-येता, पिढ्यान्‌पिढ्या ते अंगी मुरलेले होते.

भारतातही स्कीची संघटित सुरुवात सीमेच्या गरजेतून झाली. नोव्हेंबर १९४८ मध्ये जनरल थिमय्या यांच्या नेतृत्वाखाली भारतीय सेनेने झोजी-ला खिंडीत रणगाडे चढवून लडाखचा मार्ग मोकळा केला. हिमालयाचे रक्षण करायचे तर हिमावर वावरणारे सैनिक हवेत, हे त्या मोहिमेने पुरते दाखवून दिले. लगेच, डिसेंबर १९४८ मध्ये, गुलमर्ग येथे लष्कराची स्कीशाळा सुरू झाली. तीच पुढे अतिउंचीवरील युद्धशाळा या नावाने जगभर मान्यता पावली. या शाळेचे प्रमुखपद भूषवलेले कर्नल नरेंद्र कुमार यांनी १९७८ आणि १९८१ मध्ये सियाचिन हिमनदीवर मोहिमा नेल्या. त्या मोहिमांनी जमवलेली माहिती, नकाशे व छायाचित्रे एप्रिल १९८४ च्या ‘ऑपरेशन मेघदूत’ला आधारभूत ठरली. गुलमर्गचा उतार आणि सियाचिनची चौकी यांचे नाते असे सरळ आहे.

हिम येते कोठून?

महाराष्ट्राला पाऊस ठाऊक आहे तो नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा. मृग, आर्द्रा, हस्त या नक्षत्रांशी त्याचे गणित बांधलेले आहे. हिमालयातील हिवाळी हिमाचे गणित अगदी वेगळे आहे. ते हिम पश्चिमेकडून येते. भूमध्य समुद्राच्या परिसरात निर्माण होणाऱ्या कमी दाबाच्या प्रणाली उंचावरील वेगवान पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण-अफगाणिस्तान ओलांडून येतात आणि वाटेत कॅस्पियन व अरबी समुद्राकडील बाष्पही उचलतात. त्यांना ‘पश्चिमी विक्षोभ’ म्हणतात. हिवाळ्यात महिन्याला साधारण चार ते सहा विक्षोभ येतात. काही नुसते ढग दाखवून निघून जातात. एखादा मात्र दोन दिवसांत चार-पाच फूट हिम टाकून जातो.

काश्मीरच्या लोकजीवनाने हा काळ नावे देऊन बांधला आहे. २१ डिसेंबरपासूनचे ४० दिवस म्हणजे ‘चिल्लई कलां’, त्यानंतरचे २० दिवस ‘चिल्लई खुर्द’ आणि शेवटचे १० दिवस ‘चिल्लई बच्चे’. पहिल्या चाळीस दिवसांत पडलेले हिम थंडीमुळे घट्ट बसते, उन्हाळ्यापर्यंत टिकते आणि झेलम-चिनाबला पाणी देते. फेब्रुवारीच्या अखेरीस पडलेले हिम लवकर वितळून जाते. म्हणूनच काश्मीरचा शेतकरी आणि सफरचंदाचा बागायतदार हिमाकडे ज्या डोळ्यांनी पाहतो, ते डोळे महाराष्ट्रातील कोरडवाहू शेतकऱ्याला परके वाटणार नाहीत.

अंदाजाचा भरवसा किती?

‘हवामान खात्याने पाऊस सांगितला, म्हणजे छत्री घरी ठेवायला हरकत नाही’ हा विनोद महाराष्ट्रात जुना आहे. विनोद म्हणून तो ठीक. परंतु वस्तुस्थिती बदलली आहे. गेल्या काही दशकांत जगभरच्या हवामान अंदाजांची अचूकता दर दहा वर्षांना साधारण एका दिवसाने वाढली. पूर्वी तीन दिवसांपुढचे जेवढे सांगता येत असे, तेवढे आज पाच दिवसांपुढचे सांगता येते. उपग्रह, रडार आणि महासंगणक यांची ती कमाई आहे. यात पुण्याचा वाटा मोठा आहे. भारतीय हवामान विभागाचे मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यास आले, म्हणून शिवाजीनगरच्या त्या वास्तूला पुणेकर अजूनही ‘शिमला ऑफिस’ म्हणतात. १९६२ पासून पुण्यात कार्यरत असलेल्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने विकसित केलेली, सहा किलोमीटरच्या जाळीवर चालणारी ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ मे २०२५ मध्ये राष्ट्राला अर्पण झाली. हिमालयाच्या बाजूला कुफ्री आणि मुक्तेश्वर येथे २०२१ मध्ये डॉप्लर रडार सुरू झाले.

असे असूनही हिमाचा अंदाज पावसाच्या अंदाजापेक्षा कठीण आहे. त्याची चार कारणे लक्षात घेतली पाहिजेत.

पहिले कारण उंचीचे. डोंगरावर दर हजार मीटर चढल्यावर तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. गुलमर्गचे पठार सुमारे २,६५० मीटरवर आहे, तर अफरवटच्या खांद्यावरील गोंडोलाचे वरचे स्थानक चार हजार मीटरच्या जवळपास. दोहोंत सुमारे आठ अंशांचा फरक पडतो. एकाच ढगातून, एकाच वेळी, खाली पाऊस आणि वर भुरभुरीत हिम पडू शकते. तापमानाच्या अंदाजात दोन अंशांची चूक झाली, तर पुण्याच्या माणसाला ती जाणवणारही नाही; गुलमर्गमध्ये मात्र तेवढ्या चुकीने हिमाचे पाणी होते.

दुसरे कारण जाळीचे. संगणक पृथ्वीचे लहान-लहान चौकोन पाडून गणित करतो. सहा किलोमीटरचा चौकोन ही मोठी प्रगती खरी, परंतु तेवढ्या एका चौकोनात गुलमर्गचे कुरण, देवदारांचे जंगल आणि अफरवटची धार असे सारे मावू शकते. संगणकाच्या लेखी त्यांची एक सरासरी उंची ठरते. प्रत्यक्षात त्या सरासरी उंचीवर कोणीच उभे नसते.

तिसरे कारण हिमाच्या घनतेचे. एक सेंटिमीटर पाण्याचे सर्वसाधारणपणे दहा सेंटिमीटर हिम होते, असे मानले जाते. परंतु शून्याच्या आसपासचे ओले हिम पाच-सहा सेंटिमीटरच भरते आणि कडाक्याच्या थंडीतील कोरडे हिम पंधरा-वीस सेंटिमीटर होते. म्हणजे वीस मिलिमीटर पाण्याचा अंदाज अगदी तंतोतंत बरोबर आला, तरी जमिनीवरचा थर बारा सेंटिमीटरचा असेल की चाळीसचा, हा प्रश्न उरतोच.

चौथे कारण वाऱ्याचे. हिम जिथे पडते तिथेच राहत नाही. वारा ते एका उतारावरून खरवडतो आणि धारेच्या आडोशाला नेऊन साठवतो. शिवाय ज्या प्रदेशातून विक्षोभ येतो, तिथे आणि खुद्द उंच हिमालयात मोजमापाची केंद्रे विरळ आहेत. सुरुवातीची माहितीच अपुरी असली, तर पुढील गणितात तेवढी धूसरता येणारच.

या सर्वांचा व्यवहारातील अर्थ असा. एक ते तीन दिवस पुढचा अंदाज विश्वासाने घ्यावा. विक्षोभ केव्हा पोहोचणार, हे त्यात बहुधा बरोबर असते. चार ते सात दिवसांचा अंदाज तयारीसाठी उपयोगी असतो, मात्र हिमाचा आकडा त्यात बदलत राहतो. दहा दिवसांपुढचे केवळ कल सांगता येतात. दोन आठवड्यांपलीकडे ‘अमुक तारखेला एवढे हिम’ असे कोणी सांगत असेल, तर ते शास्त्र नव्हे. अमेरिकन शास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेंझ यांनी १९६३ मध्येच दाखवून दिले की वातावरणाच्या सुरुवातीच्या स्थितीतील अत्यंत सूक्ष्म फरकही पुढे वाढत-वाढत सारे चित्र पालटून टाकतात. ही त्रुटी यंत्राची नाही. ती निसर्गाची मर्यादा आहे.

टक्केवारीविषयीही गैरसमज फार आहेत. ‘हिमवृष्टीची शक्यता ७० टक्के’ याचा अर्थ तशा दहा दिवसांपैकी सात दिवस हिम पडेल आणि तीन दिवस पडणार नाही. त्या तीनांपैकी एक दिवस आपल्या वाट्याला आला, म्हणून अंदाज खोटा ठरत नाही. अंदाजकर्त्याची परीक्षा एका दिवसावर करायची नसते. ती अनेक हंगामांच्या हिशेबावर करायची असते. सहल विकणाऱ्याने ‘बर्फाची हमी’ दिली, तर मात्र सावध व्हावे. शास्त्र शक्यता सांगते. हमी देतो तो बाजार.

पडलेल्या हिमाचा अंदाज

पडणाऱ्या हिमापेक्षाही पडून राहिलेल्या हिमाचा अंदाज अवघड आहे आणि तोच जीवघेणा ठरतो. डोंगरावरील हिम एकसंध नसते. प्रत्येक हिमवृष्टीचा स्वतंत्र थर बसतो. दीर्घ कोरड्या, थंड काळात आतल्या एखाद्या थराचे कण साखरेसारखे सुटे होतात. त्यावर नव्या विक्षोभाने तीन फूट हिम टाकले की वरचा जड थर त्या सुट्या कणांवर जेमतेम टेकलेला राहतो. अशा उतारावर एका माणसाचे वजनही पुरे होते. सारा थर पाटीसारखा तुटतो आणि खाली धावतो. असे बहुतेक अपघात ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर घडतात, आणि कुशल स्कीपटूंना मोहवणारे उतारही नेमके हेच असतात. पुष्कळदा मोठ्या हिमवृष्टीनंतरचा पहिला स्वच्छ, सूर्यप्रकाशाचा दिवस सर्वांत सुंदर असतो आणि सर्वांत धोक्याचाही.

या धोक्याच्या अभ्यासासाठी भारतात १९६९ मध्ये मनाली येथे हिम व हिमस्खलन अध्ययन संस्था स्थापन झाली. संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या छत्राखालील हे काम २०२० पासून संरक्षण भू-माहिती संशोधन आस्थापना या नावाने चालते. तिचे इशारे सैन्याला, सीमेवरील रस्ते खुले ठेवणाऱ्यांना आणि नागरी प्रशासनाला मिळतात. त्या इशाऱ्यांनी किती जण वाचले, याची बातमी होत नाही. कारण जो जवान त्या दिवशी उतारावर गेलाच नाही, त्याचे नाव वृत्तपत्रात येत नाही.

आणि तरीही सर्व काही टळत नाही. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचिनच्या सोनम चौकीवर हिमाचा प्रचंड कडा कोसळला आणि दहा जवान गाडले गेले. लान्स नायक हणमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले. ११ फेब्रुवारीला त्यांनीही देह ठेवला. त्या दहा जणांत सातारा जिल्ह्याचे शिपाई सुनील सूर्यवंशी होते. हिमाचा अंदाज हा महाराष्ट्रापासून दूरचा विषय आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हे नाव आठवावे.

गाडल्या गेलेल्या माणसाच्या बाबतीत मिनिटांचा हिशेब असतो. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्या दहांपैकी सुमारे नऊ जण वाचतात. अर्ध्या तासाने हे प्रमाण तिघांपर्यंत खाली येते. बाहेरून मदत येईपर्यंत ही वेळ निघून गेलेली असते. म्हणून आखलेल्या मार्गाबाहेर जाणाऱ्या प्रत्येकाजवळ संदेश देणारे-घेणारे यंत्र, शोधकाठी आणि फावडे असलेच पाहिजे, आणि त्यांचा सराव सोबत्यांनाही हवा. सोबत्याला फावडे चालवता येत नसेल, तर स्वतःजवळचे यंत्र काय कामाचे?

किती दिवसांत येते?

आता दुसरा प्रश्न. स्कीइंग किती दिवसांत येते? प्रामाणिक उत्तर असे की उभे राहणे एका दिवसात येते, थांबणे तीन दिवसांत, वळणे आठवड्यात आणि खरे स्कीइंग अनेक हिवाळ्यांत.

पहिला दिवस जड बूट चढवणे, आडवे पाऊल टाकत चढणे, पडणे आणि उठणे यातच जातो. नीट पडायला शिकणे हाही विद्येचाच भाग आहे. मग स्कीची पुढची टोके जवळ व मागची दूर ठेवून वेग आवरण्याची पद्धत येते. पाच-सहा दिवसांत सौम्य उतारावर सलग वळणे घेता येतात. हिमालयातील प्रशिक्षण संस्थांच्या दोन आठवड्यांच्या वर्गातून बाहेर पडणारा तरुण साध्या उतारावर स्वतःला सांभाळू शकतो. तयार केलेल्या मध्यम उतारांवर दोन्ही स्की समांतर ठेवून, घाई-भीतीशिवाय उतरायला साधारण पन्नास-साठ दिवसांचा प्रत्यक्ष हिमावरचा सराव लागतो. खोल भुरभुरीत हिम, काचेसारखा टणक बर्फ, तीव्र उतार, धुके ही प्रत्येक स्वतंत्र विद्या आहे आणि तिला आणखी काही हंगाम द्यावे लागतात.

इतका वेळ का लागतो? कारण या विद्येत शरीराच्या उपजत प्रवृत्तीविरुद्ध वागावे लागते. उतार दिसला की माणूस घाबरून मागे, डोंगराकडे कलतो. नेमक्या याच क्षणी स्कीवरचा ताबा सुटतो. भार पुढे, दरीच्या दिशेने ठेवला तरच स्की वळते. वळताना बाहेरच्या पायावर विसंबावे लागते. ज्या दिशेची भीती वाटते त्याच दिशेने छाती नेणे, हा या खेळाचा गाभा आहे. बुद्धीला हे पाच मिनिटांत पटते. गुडघ्यांना आणि घोट्यांना पटायला हजारो वळणे लागतात.

यात वर्षांचा हिशेब फसवा असतो. दिवसांचा हिशेब खरा. मुंबईचा एखादा गृहस्थ दरवर्षी सहा दिवस याप्रमाणे दहा वर्षे गुलमर्गला गेला, तर त्याच्या खात्यावर साठ दिवस जमा होतात. तंगमर्गचे एखादे मूल तेवढे दिवस एका हिवाळ्यात हिमावर काढते. शिवाय अकरा महिन्यांच्या खंडानंतर गृहस्थाचा पहिला दिवस मागचे आठवण्यातच जातो. बरेच जण मधल्याच पायरीवर आयुष्यभर थांबतात. तेच सोयीचे उतार, तीच सवयीची वळणे, तीच चूक पुनःपुन्हा. नुसत्या पुनरावृत्तीने सवय घट्ट होते, कौशल्य वाढत नाही. चूक दाखवणारा गुरू आणि ती सुधारण्याची तयारी असेल, तरच सरावाचा अभ्यास होतो.

सर्वोच्च पातळीचे मोल पाहायचे असेल, तर गुलमर्गच्या आरिफ खान यांच्याकडे पाहावे. वयाच्या चौथ्या वर्षी ते स्कीवर उभे राहिले. तंगमर्गजवळ वडिलांचे स्कीच्या साहित्याचे दुकान होते. २०१८ ची ऑलिंपिक संधी पैशाअभावी हुकली. तरीही सराव न सोडता फेब्रुवारी २०२२ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते बीजिंग येथे भारताचे एकमेव खेळाडू म्हणून उतरले. एकाच हिवाळी ऑलिंपिकच्या दोन प्रकारांसाठी पात्र ठरणारे ते पहिले भारतीय. जायंट स्लॅलममध्ये त्यांना ४५ वे स्थान मिळाले; त्या दिवशी जवळपास निम्म्या स्पर्धकांना शर्यत पूर्णच करता आली नाही. स्लॅलममध्ये मात्र त्यांना अंतिम रेषा गाठता आली नाही. सत्तावीस वर्षांची साधना आणि पंचेचाळिसावे स्थान! काहींना हे प्रमाण व्यस्त वाटेल. पण आल्प्सच्या पायथ्याशी जन्मलेल्या, सरकत्या पाळण्यांच्या, उन्हाळ्यातही हिमनद्यांवर सराव करणाऱ्या मुलांच्या रांगेत हा क्रमांक आहे, हे ध्यानी घेतले की त्याचे मोल कळते. मनालीजवळच्या बुरुआ गावच्या आंचल ठाकूर यांनी जानेवारी २०१८ मध्ये तुर्कस्तानात कांस्यपदक मिळवून आंतरराष्ट्रीय स्कीइंगमध्ये भारताचे खाते उघडले, तेव्हा त्यामागेही बालपणापासूनचे असेच हिवाळे होते.

हिमच उरले नाही तर?

कौशल्याला हिम लागते आणि आज हिमाचाच भरवसा उणावत चालला आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत औली येथील स्पर्धा हिमाअभावी रद्द कराव्या लागल्या. जानेवारी २०२४ मध्ये, ऐन चिल्लई कलांमध्ये, गुलमर्गचे उतार तपकिरी आणि उघडे पडले होते. हिम आले ते महिन्याच्या अखेरीस. २०२५ मध्ये गुलमर्ग येथील खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा २२ फेब्रुवारीला सुरू व्हायच्या होत्या. हिम पुरेसे नसल्याने त्या पुढे ढकलून ९ ते १२ मार्चला घ्याव्या लागल्या. बीजिंगच्या स्पर्धा तर जवळपास पूर्णपणे कृत्रिम हिमावर झाल्या. गंमत अशी की आरिफ खान यांच्या जायंट स्लॅलमच्या दिवशी खरी हिमवृष्टी झाली आणि तिनेच शर्यतीत व्यत्यय आणला!

कृत्रिम हिम हा उपाय श्रीमंत देशांना काही काळ पुरेल. परंतु त्यालाही शून्याखालची हवा, पाणी आणि वीज लागतेच. शर्यतीचा उतार यंत्राने पांढरा करता येईल. झेलमचे झरे यंत्राने भरता येणार नाहीत. स्कीपटूचा हुकलेला हंगाम आणि शेतकऱ्याची कोरडी विहीर यांचे कारण एकच आहे.

करावे काय?

श्रोतेहो, या विवेचनातून घरी नेण्यासारख्या काही गोष्टी आहेत. हिमालयात जायचे असेल तर सहलीचा काळ पूर्वानुभवावरून निवडावा. जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीची अखेर हा काळ डिसेंबरपेक्षा अधिक भरवशाचा. निघण्यापूर्वी तीन दिवस हवामान विभागाचा अंदाज पाहावा आणि तो रोज पुन्हा पाहावा. हिमस्खलनाचा इशारा असेल तर गोंडोलाचे तिकीट काढलेले आहे, एवढ्या कारणासाठी वर जाऊ नये. स्थानिक वाटाड्या ‘आज नको’ म्हणाला, तर त्याच्याशी वाद घालू नये. त्याच्या त्या दोन शब्दांत अनेक हिवाळ्यांचा अनुभव असतो. मुलांना स्की शिकवायचीच असेल, तर दोन तासांच्या छायाचित्रापुरती नको. सलग आठवडाभर, मान्यताप्राप्त शिक्षकाकडे, एकाच जागी ठेवावे. गिर्यारोहणाची आवड असलेल्या तरुणांनी संस्थांचे पूर्ण अभ्यासक्रम करावेत. सह्याद्रीच्या कातळावर कमावलेले पाय आणि दम तिथे निश्चित उपयोगी पडतात. हिमाची जाण मात्र नव्यानेच कमवावी लागते.

शासनाकडूनही अपेक्षा आहेत. हिमालयात मोजमापाची केंद्रे वाढली पाहिजेत. हिमस्खलनाचे इशारे पर्यटकाला कळतील अशा साध्या भाषेत प्रत्येक उताराच्या पायथ्याशी लागले पाहिजेत. आणि तंगमर्ग-बुरुआच्या मुलांना पैशाअभावी एकही हिवाळा गमवावा लागू नये.

अंदाज आणि अभ्यास या दोहोंतही उतावीळपणाला जागा नाही. अंदाजकर्ता आपली मर्यादा टक्केवारीत सांगतो, ती ऐकण्याचा विवेक श्रोत्याने दाखवायचा असतो. शिक्षक ‘अजून हाच उतार’ म्हणतो, ते मानण्याची नम्रता शिष्याने दाखवायची असते. सियाचिनच्या चौकीवर उभा असलेला जवान हे दोन्ही दररोज करतो. इशारा आला की थांबतो आणि मार्ग खुला झाला की शिकलेल्या पावलांनी पुढे जातो. हिमावर जाणाऱ्या प्रत्येकाने त्याच्याकडून एवढे जरी घेतले, तरी पुढच्या हिवाळ्यात काही घरांचे दिवे विझण्यापासून वाचतील.